जेवणाचा रकाना

साडेबारा वाजले की बाई जेवायला बसायच्या. समोर कोण आलंय, कशाला आलंय, त्याचं जेवण झालंय का, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसायचं. गॅसवाला असो, शेजारीण असो, नाहीतर पुण्याहून आलेला भाचा असो. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये असतं तसं कप्प्यांचं स्टीलचं ताट घेऊन त्या पुढच्या खोलीत, उघड्या दाराकडे तोंड करून बसायच्या, आणि पहिला घास घेण्याआधी समोरच्याला म्हणायच्या, "बघून ठेव."

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले ती ब्लाउज पोचवायला. या कन्नड शहरातल्या आमच्या शिवाजीनगरहून बनशंकरीला, दोन बस बदलून. पोटात कावळे ओरडत होते. बाईंनी ब्लाउज उलटे करून शिवण तपासली, "ठीक" म्हणाल्या, मला तांब्याभर पाणी दिलं आणि माझ्यासमोर जेवायला बसल्या. ये, बस, घासभर खा, काही नाही. घरी येऊन मी आईजवळ फणफणले, "असलं माणूस मी बघितलं नाही!"

आई काजं करत होती. मान वर न करता म्हणाली, "एकटी बाई. तिला जेवताना कोण बघतंय? म्हणून बसवून घेतलं असेल तुला."

आईचं हे बोलणं मी तेव्हा सोडून दिलं. आईची पुष्कळ बोलणी मी तेव्हा सोडून द्यायची.

आमचं घर शिंप्याचं. आमचे लोक या गावात किती पिढ्यांपासून आहेत ते आम्हालाच नीट सांगता येत नाही. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि दोन्हींच्या मधे उंबऱ्यावर जे काय सांडेल ते. शाळा कन्नड. देवनागरी मी हिंदीच्या तासाला शिकले, त्यामुळे मराठी पुस्तक हातात आलं ते कॉलेजात गेल्यावर. आणि कॉलेजात गेलेली आमच्या घरातली मी पहिली. हे मी आजही न विचारता सांगते. आज मी स्वतः कॉलेजात शिकवते, तरी सांगते.

बाई एका सरकारी कारखान्यात माल तपासायच्या. डिप्लोमा करून महाराष्ट्रातून इकडे आल्या, लग्न केलं नाही, आणि निवृत्त होईपर्यंत एकच काम केलं: बनून आलेला भाग हातात घ्यायचा, त्याला गेज लावायचं, कार्डावर शेरा लिहायचा, सही करायची. गेज म्हणजे ठरावीक मापाचा एक दांडा. भोकात गेला तर भाग पास, नाही गेला तर रिजेक्ट. "भाग दिसायला कसा आहे ते विचारायचंच नाही," बाई सांगायच्या. "चकचकीत भाग सगळ्यात जास्त फसवतात."

निवृत्त झाल्यावर त्यांनी तेच काम घरी सुरू केलं. भागांच्या जागी कादंबऱ्या घेतल्या.

दोन लोखंडी कपाटं भरून जुन्या मराठी कादंबऱ्या होत्या त्यांच्याकडे. कुणी गाव सोडून गेलं, कुणाचे सासरे वारले, की ती पुस्तकं बाईंकडे यायची. सगळी पुरुषांनी लिहिलेली, सगळी नावाजलेली. त्यातल्या प्रत्येक बाईचं त्यांनी कार्ड केलं होतं. नायिका, नायिकेची जाऊ, सासू, मोलकरीण, कुणी सुटली नाही. कार्डावर रकाने आखलेले: पुस्तक. बाईचं नाव. काम काय करते. कुणाकुणाला वाढलं. मग एक रुंद रकाना: स्वतः जेवली का, कुठल्या पानावर. खाली शेरा, आणि अगदी तळाशी, तपासणाऱ्याची सही.

कार्ड पुस्तकाला दोऱ्यानं बांधलेलं असायचं. जेवली असेल तर हिरवा दोरा, नसेल तर लाल. दोरा आमच्या दुकानातून जायचा. बाई महिन्या-दोन महिन्यांनी येऊन लाल रीळ न्यायच्या. हिरवं त्यांनी पहिल्याच दिवशी नेलं होतं, एकच.

माझ्या वडिलांनी, अप्पांनी, एकदा विचारलं, "मॅडम, हिरवं संपलं नाही होय अजून?"

"उघडलंच नाही अण्णा," बाई म्हणाल्या.

अप्पांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना वाटलं रंग पसंत पडला नाही. म्हणाले, "बदलून देतो की मग."

"नको. लागेल कधीतरी."

जेवणं म्हणजे काय, याचं त्यांचं माप ठरलेलं होतं. बाईनं बसायला हवं, तिच्यापुढे पान हवं, आणि तिच्या तोंडात घास गेल्याचं लिहिणाऱ्यानं लिहिलेलं हवं. 'सगळ्यांची जेवणं आटोपली' हे चालायचं नाही. 'तिनं कसेबसे दोन घास घशाखाली घातले' हे तर मुळीच नाही. "ते रडणं आहे, जेवण नाही," बाई म्हणायच्या. बायकांनी लिहिलेल्या कादंबऱ्या त्यांनी या कामाला कधी घेतल्या नाहीत. मी कारण विचारलं. म्हणाल्या, "बायका लिहितात तेव्हा कुणी ना कुणी कुठेतरी खातंच. मला पुरुषांच्या पुस्तकात बघायचंय. त्यांना दिसलं का, एवढंच."

"आणि नाही दिसलं तर?"

"अगं, या गावात रिक्षावालासुद्धा 'ऊटा आयता' विचारतो. जेवण झालं का, म्हणून. ओळख ना देख. आणि साडेतीनशे पानं एका बाईवर लिहिणारा माणूस विचारत नाही? डोळ्यांवर अडीच पानं. तोंडात एक घास नाही."

लिहिणाऱ्यांवर त्यांचा राग होता असं नाही. एकदा म्हणाल्या, "वाईट माणसं नव्हती ती. त्यांना पान दिसलं, पानावर बसलेला दिसला, वाढणारीचा हात दिसला. पाटावर बसलेल्याला हात कोपरापर्यंतच दिसतो."

मग त्यांचे डोळे गेले. एकदम नाही. नजरेच्या मधोमध काळा ठिपका आला आणि तो वाढत गेला. कडेनं दिसायचं, समोरचं दिसायचं नाही. चालता यायचं, भात लावता यायचा, अक्षर वाचता यायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, थांबवता येईल, परत आणता येणार नाही. बाई आमच्या दुकानात आल्या आणि अप्पांना विचारलं, "अण्णा, तुमची मुलगी मराठी वाचते का?"

अप्पांनी कात्री खाली ठेवली. "बी. ए. आहे ती, मॅडम."

अकरा पुस्तकं तपासायची राहिली होती. तोवर तीनशेच्या वर कार्डं झाली होती, सगळी लाल. त्या अकरांत एक तरी हिरवं निघावं, एवढंच बाईंना हवं होतं. "एक," बोट वर करून म्हणायच्या. "मला जास्त नकोत. नजर पुरती जायच्या आत एक कार्ड मला हिरव्या दोऱ्यानं बांधायचंय."

मी तेव्हा हिंदीत एम. ए. करत होते. आमच्या घरात दोन शिलाई मशीन, पाच माणसं आणि पुस्तक ठेवायला इस्त्रीचं टेबल. बाईंकडे खरं टेबल होतं. दर रविवारी सकाळी मी त्यांना वाचून दाखवायची, साडेबाराला त्या माझ्यासमोर जेवायच्या, मी माझा डबा खायची, आणि संध्याकाळपर्यंत ते टेबल माझं. ही सोय दोघींना पटली.

माझं वाचन अडखळत व्हायचं. जुनं मराठी, लांबलचक वाक्यं, आणि माझी जीभ शिवाजीनगरची. मला धाकधूक असायची की बाई हसतील. मराठी बोलणाऱ्यांच्या कार्यक्रमात आमच्या मराठीला लोक हसतात, तोंड फिरवून हसतात, पण आम्हाला कळतं. बाई कधी हसल्या नाहीत. त्या फक्त "परत" म्हणायच्या, आणि तेही मी ओळ गाळली तरच. मी कुठे गाळली ते त्यांना कसं कळायचं, देव जाणे. स्वयंपाकघराची वर्णनं मी भरभर वाचायची. "परत. ताक घुसळलं, मग? लोणी कुणी काढलं? कुठे ठेवलं? बोट चाटलं का तिनं?" बोट चाटलेलं त्यांच्या मापात बसत नव्हतंच, तरी त्या विचारायच्या.

त्या वर्षी इथल्या एका मंडळात जुन्या कादंबऱ्यांतल्या नायिकांवर व्याख्यान होतं. बाई मला घेऊन गेल्या. व्याख्याते बाहेरून आलेले, मोठे प्राध्यापक. आवाज सुंदर. एका नायिकेबद्दल ते बोलत होते, जिनं दिरांची शिक्षणं केली, नवऱ्याचं पाप पोटात घातलं आणि शेवटी गंगेकाठी देह ठेवला. त्यागमूर्ती, म्हणाले. सभागृहात दोघी-तिघींनी डोळे पुसले. मीही.

प्रश्न विचारा म्हटल्यावर बाई उभ्या राहिल्या. "त्या जेवल्या कधी?"

"माफ करा?"

"चारशे पानं आहेत. तिनं सगळ्या घराला वाढलं. ती स्वतः कधी जेवली, आपल्या नजरेला आलं का?"

प्राध्यापक हसले. "बाई, ती शोकांतिका आहे, खाणावळ नाही."

सगळं सभागृह हसलं. बाई हसू संपेपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "त्याच शोकांतिकेत तिचा नवरा तीनदा जेवतो. एकदा तर आमटीला नावं ठेवतो. पानांचे आकडे देऊ?"

कुणीतरी म्हणालं, पुढचा प्रश्न घ्या. त्या मंडळानं बाईंना पुन्हा बोलावलं नाही. आणि एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही ती इथे सांगते. लोक हसले तेव्हा मी माझी खुर्ची थोडी बाजूला सरकवली होती. मी शिकलेली होते ना. मला त्या प्राध्यापकांच्या बाजूची दिसायचं होतं.

परत येताना बसमध्ये बाईंनी मला विचारलं, "तुझ्या आईला काय आवडतं खायला?"

मी म्हटलं, "आईला? आईला सगळंच चालतं."

"चालतं काय ते विचारलं नाही."

मला सांगता आलं नाही. अप्पांना काय आवडतं ते माहीत होतं, भावांचं माहीत होतं, दुकानातल्या कारागिराला चहात किती साखर लागते तेही माहीत होतं. चंद्राला लागतं तसं त्यांच्या नजरेला ग्रहण लागलं होतं, त्यामुळे त्या माझ्याकडे बघताना तोंड थोडं वळवून बघायच्या. तसंच बघत राहिल्या. मला वाटलं, खुर्चीचं त्यांना कळलंय.

दीड वर्षात दहा पुस्तकं झाली. दहाही लाल. उरलं एक, सगळ्यात जाड. बाईंनी ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण लिहिणारा बायकांचा कैवारी म्हणून प्रसिद्ध. "त्याला दिसलं असणार," म्हणायच्या. तोवर त्यांना ताटातला मुळाही चाचपून शोधावा लागत होता.

पुस्तकाची भाषा कठीण, म्हणून मी ते घरी आणून आधी सराव करायची. शनिवारी दुपारी मी मोठ्यानं वाचत होते, आई शर्टांना बटणं लावत होती. कादंबरीतल्या घरात मोठं कार्य झालेलं. दीडशे पानं उठली. थोरल्या सुनेचा नवरा परागंदा, ती दिवसभर चुलीशी. सगळे जेवून गेल्यावर ती स्वयंपाकघरात एकटी राहते, भाताच्या मोठ्या पातेल्याची खरवड उलथन्यानं काढते, पातेलं घासायला टाकते, पदरानं तोंड पुसते आणि बाहेर येते. मग लेखक लगेच तिच्या डोळ्यांतल्या कारुण्याकडे वळतो.

"थांब थांब," आई म्हणाली. "तोंड का पुसलं तिनं?"

"म्हणजे?"

"खरवड काढली, आणि तोंड पुसलं. मधे काय केलं?"

मी परत वाचलं. मधे काही लिहिलेलं नव्हतं.

"खाल्ली गे ती," आई म्हणाली आणि सुईत दोरा ओवला. "लिहिणाऱ्याला ठाऊक नाही. पण खाल्ली."

रविवारी मी बनशंकरीला धावतच गेले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, मला ते पान तीनदा वाचायला लावलं, आणि म्हणाल्या, "घाम पुसला असेल."

"आई म्हणते, घाम कपाळाचा पुसतात."

बाईंचा कारखान्यातला आवाज आला. "अंदाज आहे. पुरावा नाही. आणि असला तरी उभ्यानं खाल्लंय. उभ्यानं खाल्लेलं जेवण नव्हे. रिजेक्ट."

मला राग आला. इतका की मी डबा न खाता निघाले. दारात म्हटलं, "माझ्या आईला वाचता येत नाही, पण तिला स्वयंपाकघर तुमच्यापेक्षा जास्त वाचता येतं."

"मग तिला घेऊन ये."

"ती येणार नाही. तिला काम असतं."

पुढच्या रविवारी बाई आमच्याकडे आल्या. काठी, पिशवीत ते पुस्तक, कार्ड, दोन रिळं. आता पाट्या दिसत नव्हत्या, म्हणून शिवाजीनगरच्या बसस्टँडवरून विचारत विचारत आल्या आणि बरोबर साडेबाराला जिना चढल्या. अप्पांनी मशीनवरचा माल उचलून जागा केली. आईनं बाईंचं आणि अप्पांचं पान वाढलं: भात, हुळी म्हणजे इथली आंबट आमटी, बीन्सची पल्या म्हणजे सुकी भाजी, पापड. बाई बसल्या, पण ताटाला हात लावला नाही.

"तुम्ही बसा," आईला म्हणाल्या.

"माझं होतंय नंतर. तुम्ही जेवा अक्का."

"नंतर म्हणजे कधी?"

"नंतर म्हणजे नंतर," आई हसली. "स्वल्प तूप घालू?"

"तुम्ही बसल्याशिवाय मी जेवणार नाही."

अप्पांचा घास हातात राहिला. ते एकदा आईकडे, एकदा बाईंकडे बघत होते. हुळीवर साय धरायला लागली. ज्या बाई कुणासाठी साडेबाराच्या पुढे पाच मिनिटं थांबल्या नाहीत, त्या एक वाजेपर्यंत तशाच बसून राहिल्या. आणि मग आईचा पारा चढला. आई कधी ओरडत नाही, तिचा आवाज उलट खाली जातो.

"मी तुमच्या पुस्तकातली बाई नव्हे, अक्का. पोरीनं सांगितलं मला. उभ्यानं खाल्लेलं जेवण नाही म्हणता तुम्ही. मग तीस वर्षं मी काय केलं? उपाशी राहिले? उपाशी राहून ही पोरं वाढवली, हे हजारांनी शर्ट केले? मी खाल्लंय. उभ्यानं खाल्लंय, पोटभर खाल्लंय. त्या लिहिणाऱ्यानं मला बघितलं नाही. आणि तुम्ही बघूनसुद्धा लाल दोरा बांधता?"

खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं. बाईंनी हात मांडीवर ठेवले.

"माझी आई गेली," त्या म्हणाल्या, "तेव्हा दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. भटजी म्हणाले, त्यांच्या आवडीचं काहीतरी पानात वाढा. आम्ही पाच भावंडं, वडील, दोन काकू. कुणालाच माहीत नव्हतं तिला काय आवडायचं. एकानं जिलबी आणली, एकानं भजी. कावळा येईना. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. मी परत येताना आठवत होते. तिच्या हातचं सगळं आठवलं. ती जेवतेय असं एकदासुद्धा आठवलं नाही. मी तिची मुलगी, तपासणं हे माझं काम, आणि मी तिला जेवताना बघितलंच नाही. घरात साक्षीदार नव्हता. म्हटलं, पुस्तकांत तरी कुणी एखादीला बघितलं असेल."

आई बाईंच्या समोर खाली बसली.

"अक्का. आईनं तोंड पुसलेलं आठवतं का?"

बाईंनी मान वळवली, कडेनं बघायला वळवायच्या तशी. पण त्या आईकडे बघत नव्हत्या.

"आठवतं," म्हणाल्या. "चुलीपासून उठताना. पदराचं टोक असं बोटाला गुंडाळून. रोज."

"मग?" आई म्हणाली.

बाई रडल्या नाहीत. निदान मला दिसेल असं नाही. त्या ताट घेऊन उठल्या, हातानं भिंत चाचपत आमच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याशी उभ्या राहिल्या. आई त्यांच्या मागून गेली. दोघी उभ्यानं जेवल्या, थंड हुळी आणि भात. मी आणि अप्पा बाहेर बसून ऐकत होतो. भांड्यांचा आवाज येत होता, आणि आईचा, "घ्या हो अक्का, सरी, बरं, एवढंच?"

जेवण झाल्यावर बाईंनी कार्ड काढलं. रुंद रकान्यात मला लिहायला सांगितलं: जेवली. उभ्यानं. पानाचा आकडा. मग कार्ड आईपुढे धरलं. "तपासणाऱ्याची सही तुमची."

आईला सहीपुरती अक्षरं येतात, तीही कन्नड. तिनं त्या मराठी कार्डाच्या तळाशी कन्नडमध्ये सही केली. हिरवं रीळ घेतलं, वरचा कागद फाडला, दातानं दोरा तोडला आणि शिंपिणीची गाठ मारली, सुटणार नाही अशी.

मला वाटलं, झालं. बाईंना हवं होतं ते एक मिळालं. पण जिना उतरताना त्या माझ्या खांद्याला धरून म्हणाल्या, "गेज चुकलं होतं."

"म्हणजे?"

"माझं माप चुकलं होतं. आणि गेज चुकलं असं निघालं, की त्या गेजनं तपासलेला सगळा माल परत मागवायचा. तसा नियम असतो." एक पायरी उतरून थांबल्या. "तीनशेच्या वर आहेत. सगळी लाल कापावी लागतील. परत वाचावं लागेल, तोंड पुसण्यापासून."

त्यांच्याच्यानं ते होणार नव्हतं, हे दोघींना माहीत होतं. तरी आम्ही सुरू केलं, या वेळी फक्त खाण्यापिण्याची पानं. त्यानंतर बाई आणखी सात महिने होत्या. बावीस पुस्तकं परत वाचून झाली. पाच हिरवी निघाली: एक चव बघताना, एक देवळाच्या मागे प्रसाद खाताना, बाकीच्या अशाच लिहिणाऱ्याची पाठ वळल्यावर. प्रत्येक वेळी बाई म्हणायच्या, "आईला विचार," आणि मी घरी येऊन विचारायची. दोन वेळा आई म्हणाली, नाही, हिनं खरंच नाही खाल्लं, आणि ती कार्डं लालच राहिली.

बाई झोपेत गेल्या. भाचा आला, सगळं नीट केलं. दहाव्या दिवशी तो श्रीरंगपट्टणला नदीवर गेला होता. अकराच्या सुमाराला त्याचा फोन आला. मी घरी होते, आई भात उतरवत होती.

"ताई, तुम्ही आत्याकडे यायचात ना? कावळा शिवत नाहीये. भटजी विचारतायत, त्यांना काय आवडायचं?"

मी म्हटलं, "गरम भात. वर मेतकूट, तूप जरा जास्त. मुळ्याच्या चकत्या, मीठ लावून, त्या आधी खायच्या. लिंबाचं लोणचं, गोड. तिखट अजिबात नको. दही वेगळ्या वाटीत. आणि वाढल्यावर झाकू नका. त्यांना वाफ आवडायची."

"तुम्हाला एवढं कसं माहीत?"

"मी बघून ठेवलंय," मी म्हटलं.

पुढे कावळा शिवला की नाही ते मी विचारलं नाही.

फोन ठेवला तेव्हा आई माझ्याकडे बघत होती. "पाठ आहे की सगळं," म्हणाली, आणि पातेल्याकडे वळली. ते पातेलं बघून मला नेहमी राग यायचा. एम. ए. होऊन नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारात मी तिला चांगला मोठा कुकर आणून दिला होता. तो माळ्यावर. आई भात अजून पातेल्यातच करते, दुप्पट गॅस जाळून. शिकलेल्या मुलीनं दिलेलं तिला वापरवत नाही, असं मी मनाशी धरून बसले होते.

"आई, तू कुकर का नाही लावत?"

"कुकरात खरवड धरत नाही गे." भात दुसऱ्या भांड्यात काढून झाला होता. तिनं उलथनं घेतलं आणि बूड खरवडायला लागली. "तळाला लागलेली, स्वल्प करपलेली. वर मीठ. तुला काय ठाऊक त्याची चव."

ठाऊक नव्हती. मी इतकी वर्षं समजत होते की तिला उरतं म्हणून ती ते खाते. आता वाटतं, आवडतं म्हणून खाते. की खात आली म्हणून आवडायला लागलं? हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि बाईंच्या कार्डावर त्याला रकाना नाही.

"दे," मी म्हटलं.

तिनं उलथन्यावरची अर्धी खरवड माझ्या तळहातावर ठेवली. आम्ही दोघींनी ओट्याशी उभ्या राहून खाल्ली. कडक होती, जराशी कडू, मीठ दाताखाली येत होतं. मग आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि तोंड पुसलं, आणि मी बघून ठेवलं.